पाठांतर, परवचा आणि मोबाइलवरील कार्डें

गेल्या दिवाळीपूर्वीं शाळेंत पालकसभा झाली. सभा आटोपून इतर मंडळी आपापल्या घरीं गेली, तरी एक गृहस्थ दाराशीं घुटमळत उभे होते. त्यांचा मुलगा दहावीच्या वर्गांत आहे. ते स्वतः दुसऱ्यांच्या केळीच्या बागांत मजुरी करितात. डोक्यावरची टोपी हातांत घेऊन त्यांनीं आम्हांस विचारिलें, "सर, पोरगा म्हणतो कीं आतां मोबाइलवर कार्डांचा अभ्यास असतो, तो केल्याशिवाय मार्क पडत नाहींत. आमच्या घरांत साधा फोन आहे. व्याजानें पैसे काढून मोठा मोबाइल घ्यावा काय?"

प्रश्न सरळ होता. परंतु त्याचें सरळ उत्तर त्या घटकेस आम्हांपाशीं नव्हतें. "पाहून सांगतों, घाई करूं नका," एवढेंच आम्ही बोललों. घरीं आल्यावर मात्र मनास चैन पडेना. या मोबाइलमधील कार्डांविषयीं विद्यार्थ्यांच्या तोंडून आम्हीं पुष्कळ ऐकिलें होतें, क्वचित् त्यांची थट्टाहि केली होती. पण नीट विचार असा केला नव्हता. तो विचार मग केला, वर्गांत थोडा प्रयोगहि करून पाहिला, आणि जें आढळलें तें या वार्षिक अंकाच्या द्वारें विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें ठेवीत आहों. कारण हा प्रश्न त्या एकाच घरचा नाहीं.

प्रथम हें साधन म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. पुष्कळ पालकांनीं तें पाहिलेंहि नसेल. फ्लॅशकार्ड म्हणजे दोन बाजूंचा लहानसा पुठ्ठा. एका बाजूस प्रश्न लिहावयाचा, दुसऱ्या बाजूस उत्तर. प्रश्न वाचून उत्तर आठवावयाचें, तोंडानें म्हणावयाचें, आणि मगच पुठ्ठा उलटून पाहावयाचा. मोबाइलमध्यें पुठ्ठ्याच्या जागीं पडदा आला, इतकेंच. अशा साधनांपैकीं दोन आमच्या मुलांच्या विशेष परिचयाचीं आहेत. 'क्विझलेट' हें अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत अँड्र्यू सदरलंड नांवाच्या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें २००५ सालीं स्वतःच्या परीक्षेसाठीं तयार केलें; त्यास प्राण्यांचीं फ्रेंच नांवें पाठ करावयाचीं होतीं. २००७ सालीं तें सर्वांस खुलें झालें. दुसरें 'अँकी' हें डेमियन एल्म्स यांनीं २००६ सालीं काढिलें. 'अँकी' हा जपानी शब्द असून त्याचा अर्थच पाठांतर असा आहे. तें संगणकावर व अँड्रॉइड मोबाइलवर फुकट मिळतें, आणि एकदां उतरवून घेतलें म्हणजे इंटरनेटवांचूनहि चालतें.

अँकीची रीति अशी. उत्तर पाहिल्यावर खालीं चार बटणें दिसतात. उत्तर मुळींच आलें नसेल तर पहिलें, ओढूनताणून आलें असेल तर दुसरें, नीट आलें असेल तर तिसरें, आणि सहज आलें असेल तर चौथें दाबावयाचें. चुकलेलें कार्ड थोड्याच मिनिटांत पुन्हां पुढें येतें. बरोबर आलेलें कार्ड उद्यां, मग कांहीं दिवसांनीं, मग आठवड्यांनीं, मग महिन्यांनीं असें लांबत जातें. जें येतें त्यावर वेळ दवडावयाचा नाहीं, आणि जें येत नाहीं त्यास चुकवावयाचें नाहीं, असा हा न्याय आहे. कोणतें कार्ड कोणत्या दिवशीं विचारावयाचें याचा हिशेब यंत्र ठेवितें. आमच्या मतें हा हिशेब हाच काय तो यंत्राचा खरा गुण होय.

हा हिशेब यंत्रानें आपल्या मनचा काढिलेला नाहीं. जर्मनींतील हेर्मान एबिंगहाउस या विद्वानानें निरर्थक अक्षरांच्या माळा स्वतः पाठ केल्या, आणि कांहीं काळ लोटल्यावर त्याच माळा पुन्हां पाठ करावयास किती श्रम कमी पडतात, तें मोजून १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. एक दिवस गेल्यावर पहिल्या श्रमांपैकीं सुमारें एक तृतीयांशच वांचत असत. महिन्यानंतर सुमारें एक पंचमांश. म्हणजे विसरणें हें पहिल्या कांहीं तासांत फार झपाट्यानें होतें व पुढें मंदावतें. तेव्हां उजळणी प्रथम जवळजवळ आणि पुढें लांबलांब करावी, हें ओघानेंच आलें. १९७२ सालीं सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकानें याच तत्त्वावर कप्प्यांच्या पेटीची युक्ति सांगितली. उत्तर आलें तर कार्ड पुढच्या कप्प्यांत जावयाचें, चुकलें तर पुन्हां पहिल्या कप्प्यांत यावयाचें. आणि जितका कप्पा पुढचा, तितका तो कमी वेळां उघडावयाचा. १९८७ सालीं पोलंडमधील पिओत्र वोझ्नियाक यांनीं असला हिशेब संगणकाच्या स्वाधीन केला, व अँकीनें आरंभीं त्यांच्याच रीतीचा आधार घेतला. यंत्र नवें असलें तरी पुठ्ठा आणि कप्पा हींच त्याचीं आईबापें आहेत, ही गोष्ट पालकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

दुसरें तत्त्व याहूनहि महत्त्वाचें आहे. आमचे बहुतेक विद्यार्थी अभ्यास म्हणजे वाचणें असें समजतात. धडा एकदां वाचला, दोनदां वाचला, पिवळ्या पेनानें ओळी रंगविल्या कीं त्यांस वाटतें, झालें. अमेरिकेंत हर्बर्ट स्पिट्झर यांनीं आयोवा प्रांतांतील सहावीच्या साडेतीन हजारांहून अधिक मुलांवर केलेला एक प्रयोग १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. धडा वाचल्यावर ज्यांची लवकरच चाचणी घेतली, त्यांस तो पुढें अधिक आठवला. २००६ सालीं हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांनीं महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस उतारे वाचावयास दिले. कांहींनीं उतारा पुन्हां वाचला. कांहींनीं तो मिटून, आठवेल तेवढें लिहून काढिलें. पांच मिनिटांनीं पाहिलें तों वाचणारे किंचित् पुढें होते. आठवड्यानें पाहिलें तेव्हां वाचणाऱ्यांस शेंकडा ४२ आठवलें, तर आठवून लिहिणाऱ्यांस शेंकडा ५६. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगांत असें दिसलें कीं, आपणांस हें पुढें चांगलें आठवेल असा विश्वास वारंवार वाचणाऱ्यांसच अधिक होता, आणि आठवड्यानें मागें पडले तेहि तेच. विद्यार्थीमित्रहो, परीक्षेच्या आदल्या रात्रीं पुस्तक चाळतांना "हें सर्व मला येतें" असा जो भास होतो, तो कसा फसवा असतो हें यावरून ध्यानांत घ्यावें. पुस्तक उघडें असतां ज्ञान पुस्तकांत असतें. तें मिटल्यावर जें उरेल तेवढेंच आपलें.

हें सर्व वाचीत असतां आम्हांस आमच्या लहानपणचा परवचा आठवला. दिवेलागणीस हातपाय धुवून ओसरीवर बसावयाचें, आणि पाढे म्हणावयाचे. आमच्या आजोबांस तर पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, औटकी हींहि मुखोद्गत होतीं. आम्हांवर मात्र तिसापर्यंतच्या पाढ्यांचीच सक्ति होती. पाढ्यांमागून एखादें स्तोत्र म्हणावयाचें. आमची आजी निरक्षर होती. पण ऐकून ऐकून स्तोत्रें तिला पाठ झालीं होतीं, आणि आम्हीं एखादा शब्द गाळला कीं ती चुलीपाशीं बसल्या बसल्या हटकीत असे. पुस्तकाचें एक अक्षर न ओळखणारी ती बाई आमची परीक्षा घेत होती, हें तेव्हां आमच्या लक्षांत आलें नाहीं. रोज म्हणावयाचें, न पाहतां म्हणावयाचें, आणि ऐकणाऱ्यानें चूक तेथल्या तेथें दाखवावयाची: परवच्याचे हे तीन नियम होते. वर सांगितलेल्या विद्वानांनीं मोजून मापून जें सिद्ध केलें, त्याचा बराचसा भाग आमच्या ओसरीवर पूर्वींपासून नांदत होता.

केवळ ओसरीवरच नव्हे. कोथळीहून पंढरपुरास जाणारी मुक्ताबाईंची पालखी येथील प्रत्येक मुलानें पाहिली आहे. त्या दिंडींत चालणारे कितीतरी लोक पोथी न उघडतां हरिपाठ म्हणतात. तो एका रात्रींत घोकलेला नसतो. वर्षानुवर्षें रोज म्हणतां म्हणतां तो जिभेवर बसलेला असतो. आणि त्याहूनहि जुना दाखला पाहिजे असेल तर आपल्याच जळगांव जिल्ह्यांत, चाळीसगांवजवळच्या पाटण येथें आहे. तेथें शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ चा शिलालेख सांपडला. 'लीलावती'चे कर्ते भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनीं, आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून तेथें मठ स्थापिला, असें त्यांत म्हटलें आहे. हे चांगदेव तापीकांठच्या योगी चांगदेवांहून निराळे, हें सांगावयास नकोच. पाटणच्या पेठेंत येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजास जो कर मिळे, तो त्या मठास दिला गेला, असें त्या लेखाच्या मराठी भागांत कोरलेलें आहे. आठशें वर्षांपूर्वीं खानदेशांतील एका बाजारपेठेचा पैसा गणित शिकविण्याकडे लागत होता!

त्या 'लीलावती'ची रचना पाहण्यासारखी आहे. नियम श्लोकांत सांगितला आहे, म्हणजे तो पाठ व्हावा. पण नियम सांगून ग्रंथकार थांबत नाहीं. लगेच त्याच्या मागून तो शिकणारास एक उदाहरण घालतो: भुंगे, हंस, कमळें, मोत्यांचा हार यांचें उदाहरण; आणि म्हणतो कीं, येत असेल तर सांग. नियम जिभेवर, आणि त्याचा उपयोग डोक्यांत. या दोहोंची फारकत त्या ग्रंथांत नाहीं. ती आम्हीं पुढें केली.

ती कशी केली तें आम्हीं मोकळेपणानें कबूल केलें पाहिजे, कारण त्या दोषांत आम्हीहि भागीदार आहों. एका काळीं शाळांतून नुसती घोकंपट्टी चाले. मूल पोपटाप्रमाणें बोले, अर्थ विचारला तर गप्प बसे. त्या रीतीचा आम्हांस वीट आला, आणि शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन आम्ही शाळेंत आलों तेव्हां "पाठांतर नको, समज पाहिजे" हें वाक्य आमच्या ओठांवर होतें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतहि घोकंपट्टीपेक्षां संकल्पनांच्या आकलनावर भर द्यावा, असेंच सांगितलें आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु आम्हीं घोकंपट्टी घालवितांना परवचाहि घालविला. आतां दहावीचा विद्यार्थी सात आठें किती म्हणून विचारिलें असतां बोटें मोजूं लागतो, आणि त्या मोजणींत मूळ उदाहरण काय होतें तेंच विसरतो. ज्याच्या हाताशीं विटा नाहींत त्यानें घराचा नकाशा कितीहि समजून घेतला, तरी भिंत उभी राहत नाहीं.

पाठांतरानें बुद्धि मंद होते, असें म्हणणारांस आम्ही दोन नांवें सुचवितों. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां वाचतां येत नव्हतें. त्यांचीं गाणीं आधीं त्यांच्या स्मरणांत व ओठांवर होतीं. घरच्या मंडळींनीं तीं टिपून ठेविलीं, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं तीं पुस्तकरूपानें निघालीं. पंडिता रमाबाईंस त्यांच्या मातोश्रींनीं संस्कृत तोंडीं शिकविलें. त्या पाठांतराच्या बळावर १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांचा गौरव केला, आणि पुढें त्याच रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठींत आणिलें. या दोघींची बुद्धि पाठांतरानें मंद झाली असें कोण म्हणेल?

मग मोबाइलवरील कार्डें हा परवच्याचाच नवा अवतार समजून त्यांचें स्वागत करावें काय? अर्धें करावें, असें आमचें मत आहे. अर्धें कां, तें आम्ही स्वतः पाहिलेल्या दोन विद्यार्थ्यांवरून सांगतों.

आमच्या वर्गांत एक हुशार मुलगा होता. त्याच्या मोबाइलमध्यें दुसऱ्या कोणीं तरी केलेलीं हजारावर कार्डें तयार होतीं. तो रोज न चुकतां तीं पाहत असे, आणि सलग किती दिवस अभ्यास झाला तो आंकडा आम्हांस अभिमानानें दाखवीत असे. त्याचा लाभ झाला नाहीं असें नाहीं. इंग्रजी क्रियापदांचीं तिन्ही रूपें त्यास अशीं बसलीं कीं आम्हीहि चकित झालों. परंतु एके दिवशीं विद्युत्प्रवाहावर प्रश्न निघाला. ओहमचा नियम त्यानें घडघड म्हटला. "बरें, तीच तार दुप्पट लांब घेतली तर प्रवाह वाढेल कीं कमी होईल?" असें आम्हीं विचारितांच तो थबकला. तसें कार्ड त्याच्यापाशीं नव्हतें. पुढें चौकशी करितां कळलें कीं तीं कार्डें दुसऱ्याच अभ्यासक्रमावरून केलेलीं होतीं, आणि कित्येकांवर चार पर्याय दिलेले असून त्यांतून एक निवडावयाचा होता. चारांतून ओळखणें निराळें आणि कोऱ्या मनांतून काढणें निराळें. बाजारांत गर्दींत ओळखीचा चेहरा दिसला कीं आपण हंसतों. पण त्या माणसाचें नांव विचारिलें तर तें आठवत नाहीं, तशांतला हा प्रकार.

शिवाय जो दुसऱ्याचीं कार्डें घेतो, तो अभ्यासाचा पहिला व सर्वांत मोठा लाभ दुसऱ्यास देऊन बसतो. धड्यांतलें महत्त्वाचें काय, त्यावर प्रश्न कसा करावा, उत्तर थोडक्यांत कसें मांडावें, हें ठरवितांना जो धडा अंगीं लागतो, तो तयार कार्ड पाहून लागत नाहीं. आणि मोबाइलचा आणखी एक धर्म आहे, तो पालकांस सांगावयास नको. कार्डांच्या शेजारींच खेळ आहे, गाणें आहे, चित्रपट आहे. वीस मिनिटें अभ्यासासाठीं म्हणून उघडलेली पेटी दोन तास मिटत नाहीं.

दुसरी एक मुलगी. तिच्या घरीं मोठा मोबाइल नव्हता. पालकसभेनंतर आम्हीं वर्गांत सांगितलें कीं ज्यांच्यापाशीं मोबाइल नाहीं त्यांनीं पुठ्ठ्याचीं कार्डें करावीं. पुठ्ठा आणावा कोठून? आपल्या गांवांत लग्नसराईंत घरोघर पत्रिकांचा ढीग पडतो, आणि पुष्कळ पत्रिकांची पाठ कोरी असते. मुलांनीं त्या कापून चौकोनी तुकडे केले. चपलांच्या खोक्यांत दोन आडपडदे लावून तीन कप्पे केले. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनीं, तिसरा आठवड्यानें. खर्च जवळजवळ कांहींच नाहीं. या मुलीनें चार महिन्यांत तिनशेंवर कार्डें केलीं. तिची आई शेतमजूर, अक्षरशत्रु. पण रात्रीं भाकरी झाल्यावर ती कार्डांची थप्पी हातांत धरून बसे. मुलगी प्रश्न वाची, उत्तर म्हणे, आणि आईस कळेल अशा घरच्या बोलींत त्याचा अर्थ सांगे. आईस कळलें तर कार्ड पुढच्या कप्प्यांत. "मला नाहीं समजलं" असें आईनें म्हटलें तर पुन्हां पहिल्यांत. हा नियम आम्हीं शिकविलेला नव्हता. त्या मायलेकींनींच तो बसविला. घोकंपट्टी आणि समज यांची जी सांगड मोठमोठ्या ग्रंथांतून आम्ही शोधीत होतों, ती त्या घरांत चुलीपाशीं बसलेली होती.

परंतु ही गोष्ट येथेंच संपविली तर आम्ही सत्य लपविलें असें होईल. केप्लरच्या तिसऱ्या नियमाचें कार्ड लिहितांना तिनें वर्ग व घन यांची अदलाबदल केली होती. ग्रहाच्या परिभ्रमणकाळाचा वर्ग हा सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाशीं समानुपाती असतो. तिनें काळाचा घन व अंतराचा वर्ग असें लिहिलें. अर्थ सांगतांना "दूरच्या ग्रहाला फेरी मारायला जास्त वेळ लागतो" एवढें बरोबर येई, म्हणून आईस संशय येण्याचें कारण नव्हतें. संशय आम्हांस यावयास पाहिजे होता. तिनें आपलीं कार्डें आम्हांस तपासावयास दिलीं होतीं, आणि आम्हीं घाईघाईनें वरचीं पांच-दहा पाहून बाकीच्यांवर खूण केली होती. तीन महिने ती तो चुकीचा नियम, आठवणीच्या सर्व शास्त्रीय नियमांनुसार, अगदीं पक्का करीत होती. सराव परीक्षेंत तो उघडकीस आला. पुढें पुष्कळ दिवस ती बरोबर नियम म्हणूं लागली कीं जुनाच जिभेवर येई. तिनें आम्हांस दोष दिला नाहीं. आम्ही मात्र तो घेतों. स्मरण हा चांगला सेवक आहे, पण त्यास खरें-खोटें कळत नाहीं. जें द्याल तें तो जपून ठेवितो. म्हणून कार्ड मुलानें लिहावें, आणि पाठ करण्यापूर्वीं तें शिक्षकानें एकूणएक वाचावें.

आतां या साधनाचा आम्हांस आढळलेला एक मोठा गुण सांगतों, नाहींतर त्यावर अन्याय होईल. वर्गांत आम्ही सर्वांकडून एका सुरांत पाढे किंवा नियम म्हणवून घेतों, तेव्हां ज्यास येत नाहीं तो मुलगा नुसते ओठ हालवितो. गोंगाटांत त्याचें मौन ऐकूं येत नाहीं. एकट्यास उभें केलें तर तो लाजेनें पाणी पाणी होतो. कार्ड हें प्रत्येकास एकट्यास विचारितें, आणि चुकलें तरी हंसत नाहीं. मागच्या बांकावर बसणाऱ्या ज्या मुलांस आम्हीं कधीं नीट प्रश्नच विचारला नाहीं, त्यांस विचारणारें कोणी तरी मिळालें. मग तें पत्रिकेच्या पाठीवरचें असो कीं मोबाइलवरचें असो.

यावरून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें. कार्ड स्वतः करा. एका कार्डावर एकच प्रश्न घाला. सनावळ्या, सूत्रें, व्याख्या, शब्दार्थ हे जसे लिहाल, तसे "कां?" व "असें झालें तर काय होईल?" हे प्रश्नहि लिहा; दहा कार्डांमागें निदान दोन तरी असे असावेत. उलटण्यापूर्वीं उत्तर मोठ्यानें म्हणा. मनांतल्या मनांत म्हटलेलें उत्तर नेहमीं बरोबरच असतें! रोज वीस मिनिटें पुरेत, पण रोज. परीक्षेच्या आदल्या रात्रीं पांचशें कार्डें पुढें घेऊन बसणारास हें साधन कांहीं देणार नाहीं. आणि निबंध, पत्र, भूमितीची सिद्धता, कवितेचा रसास्वाद यांसाठीं कार्डावर विसंबूं नका. तीं कामें वाचून, लिहून व विचार करूनच होतात.

ज्यांच्या घरीं मोबाइल आहे त्यांनीं अँकीसारखें साधन अवश्य वापरावें. तारखांचा हिशेब तें आपल्याहून चांगला ठेवितें. मात्र त्यांतहि कार्डें आपलींच घालावीं, आणि मोबाइल घेऊन ओसरीवर, चारचौघांत बसावें. आपल्या सहशिक्षकांस आमची विनंति आहे कीं येत्या वर्षीं प्रत्येक विषयांत आठवड्याचा अर्धा तास कार्डें तपासण्यास द्यावा, आणि कार्डांच्या अभ्यासासाठीं म्हणून कोणत्याहि मुलास मोबाइल आणावयास सांगूं नये. आमच्या एका शब्दासाठीं एखाद्या घरांत कर्ज शिरूं शकतें, याची जाणीव आम्हां शिक्षकांस सदैव असली पाहिजे.

पालकांस सांगणें एवढेंच. आपणांस लिहितां वाचतां येवो अथवा न येवो, मुलाचा अभ्यास ऐकतां येतो. दिवेलागणीस अर्धा तास दूरचित्रवाणी बंद ठेवा, थप्पी हातांत धरा, आणि मुलास म्हणा, "मला समजेल असं सांग." आमच्या आजीनें याहून अधिक कांहीं केलें नव्हतें.

आणि ज्या गृहस्थांच्या प्रश्नावरून हा लेख लिहिला, त्यांस आमचें उत्तर: व्याजानें पैसे काढूं नका. तुमच्या मुलास जें पाहिजे तें तुमच्या घरांत आहे. हें उत्तर द्यावयास आम्हांस चार महिने लागले याबद्दल क्षमा असावी. त्यांचा मुलगा हल्लीं पत्रिकांचीं कार्डें करितो. निकाल काय लागेल तें आज सांगतां येत नाहीं. पण मागच्या आठवड्यांत त्यानें आपण होऊन आम्हांस एक कार्ड तपासावयास आणून दिलें, आणि त्यावरचा प्रश्न असा होता कीं त्याचें उत्तर द्यावयास आम्हांसहि पुस्तक उघडावें लागलें.

तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर, आपल्या तालुक्यांतच, चांगदेवाचें देऊळ आहे. त्या योग्याची कथा येथील लहान मूलहि जाणतें. ज्ञानेश्वरांस पत्र लिहावयास तो बसला. वयानें लहान पण ज्ञानानें मोठा, अशास मायना काय लिहावा तें सुचेना, म्हणून त्यानें कागद कोराच पाठविला. तो पाहून मुक्ताबाईंनीं म्हटलें कीं, इतकीं वर्षें तप करूनहि हा कोराच राहिला. पण कथा तेथें थांबत नाहीं. त्या कोऱ्या कागदाचें उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनीं पासष्ट ओव्या लिहिल्या. विद्यार्थीमित्रहो, कोरें असण्यांत लाज नाहीं. कोरेंच राहण्यांत आहे. येत्या सुटींत घरांतल्या जुन्या पत्रिका जमा करा, आणि जून महिन्यांत शाळा उघडेल तेव्हां पहिलीं दहा कार्डें आम्हांस तपासावयास आणून द्या. या वेळीं आम्ही तीं सर्व वाचूं.